तारखेचा रकाना

बडोद्यातील एका औषधनिर्मिती कंपनीच्या पेटंट विभागात मी गेली एकवीस वर्षे काम करते आहे, आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की इथे मकरपुऱ्यात बसून अमेरिकेचा कायदा कळतो तरी कसा. वास्तविक कायदा काय म्हणतो हे कळणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. मूळ मजकूर तिथल्या सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतो, आणि काही बदल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथल्या वकिलांच्या पत्रकांनी मेलपेटी भरून गेलेली असते. कठीण असते ते एवढेच, की तो बदल नेमका कोणत्या दिवसापासून लागू होतो, कोणत्या अर्जांना लागू होतो आणि कोणत्यांना होत नाही. माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या बहुतेक सगळ्या या एकाच रकान्यातल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत लाजिरवाणी चूक ऑफिसातली नसून घरातली आहे.

माझे चुलत दीर रावपुऱ्यात फरसाणाचा धंदा करतात. बटाट्याचा कीस, चण्याची डाळ आणि हिरव्या मिरचीचा आपला बडोद्याचा किंचित गोडसर लीला चिवडा न्यू जर्सीतल्या दुकानांत जाऊ लागला, तेव्हा त्यांनी आपल्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अमेरिकेत अर्ज केला. ३ ऑगस्ट २०१९ पासून परदेशी रहिवासी असलेल्या अर्जदाराला तिथला परवानाधारक वकील नेमावाच लागतो, त्यामुळे भाऊजींनीही एक वकील नेमला होता. परंतु विश्वास होता तो वहिनीवर, म्हणजे माझ्यावर. जानेवारी २०२३ मध्ये परीक्षकाची हरकत आली. वेष्टनावरील नाव देवनागरीत होते, तेव्हा त्याचा रोमन लिपीतील उच्चार आणि इंग्रजी अर्थ लिहून द्यावा, इतकीच साधी मागणी होती. नोटिशीवर १२ जानेवारी ही तारीख होती आणि भाऊजींनी ती मला दाखवली ती उत्तरायणच्या दिवशी गच्चीवर, माझ्या हातात फिरकी असताना.

"वहिनी, तिकडून हे आलंय. किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"सहा महिने असतात भाऊजी. संक्रांत तर होऊ द्या आधी," असे मी भर उन्हात, मोबाईलच्या पडद्याकडे जेमतेम नजर टाकून सांगितले.

सहा महिने असत, हे खरेच होते. पण ३ डिसेंबर २०२२ पर्यंत. त्या दिवसापासून निघालेल्या हरकतींना उत्तर देण्याची मुदत तीन महिन्यांवर आली, आणि १२५ डॉलर भरले तर आणखी तीन महिने, तेही एकदाच, मिळू लागले. त्या दिवसाआधी निघालेल्या हरकतींची सहा महिन्यांची मुदत तशीच राहिली. एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येणाऱ्या माद्रिद व्यवस्थेतून आलेल्या अर्जांनाही हा बदल लागू नव्हता. भाऊजींचा अर्ज मात्र थेट केलेला होता. मला हा बदल माहीत नव्हता असे म्हणण्याचीही सोय नाही. मूळ कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये आले, त्यांतील बरेचसे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागू झाले, आणि मुदतीचे हे कलम तेवढे एक वर्ष पुढे ठेवण्यात आले. मी तो नियम आला तेव्हाच इमानाने वाचला होता, 'पुढे येणार आहे' अशी मनाशी नोंद केली होती, आणि ते 'पुढे' केव्हा मागे पडले हे माझ्या लक्षात आले नाही. लवकर वाचण्याचा हा एक तोटा असतो: वाचून झाल्याचे समाधान लगेच मिळते आणि लागू होण्याचा दिवस आपल्याला न सांगता निघून जातो.

१३ एप्रिलला सकाळी आठच्या सुमारास भाऊजींचा फोन आला. वकिलाची स्मरणपत्रे त्यांनी वहिनीच्या भरवशावर बाजूला ठेवली होती, आणि आता तो वकील रात्री जागून विचारत होता की काय करायचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र ही उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेनऊला होते आणि हिवाळ्यात साडेदहाला. म्हणजे आमच्या हातात जेमतेम दीड तास होता. मी नोटीस उघडली तर मुदत तीन महिने असल्याचे त्या नोटिशीतच स्वच्छ लिहिलेले होते. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला, १२५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने दहा हजारांच्या आसपास रुपये गेले, आणि पुढे ते नाव नोंदलेही गेले. भाऊजींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही; जाऊबाईंनी मात्र दोनदा काढला.

तेव्हापासून कायद्यातील बदलांच्या माझ्या तक्त्यात बदलाचे नाव दुसऱ्या रकान्यात गेले आणि पहिल्या रकान्यात तारीख आली. ही युक्ती माझी म्हणता येणार नाही, कारण अमेरिकी सरकारचे 'फेडरल रजिस्टर' हे राजपत्र वाचणाऱ्याला ती आपोआप सुचावी अशीच त्याची मांडणी आहे. १९३६ पासून निघणाऱ्या या राजपत्रात प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर ठरावीक मथळे असतात: कोणत्या खात्याची सूचना आहे, कोणत्या प्रकारची आहे, तिचा सारांश काय, आणि त्याखाली 'तारखा'. बहुतेक लोक सारांश वाचतात आणि थांबतात, आणि वकिलांची पत्रकेही त्या सारांशावरच बेतलेली असतात. मी आता आधी सूचनेचा प्रकार पाहते, मग तारखांचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचते, आणि सारांशाकडे शेवटी येते. तारखांच्या परिच्छेदात 'या दिवसापासून दाखल झालेल्या', 'या दिवशी प्रलंबित असलेल्या' आणि 'या दिवशी किंवा त्यानंतर पाठवलेल्या' असे जे शब्दप्रयोग येतात, त्यांतील प्रत्येकाने आमच्या फायलींची वाटणी निराळी होते.

सूचनेचा प्रकार आधी पाहण्याचे कारणही अनुभवाचे आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने एक नियम प्रस्तावित केला. एकाच संशोधनावर थोड्याथोड्या फरकाने अनेक पेटंटे घेणाऱ्या कंपन्या, दुहेरी पेटंटाची हरकत टाळण्यासाठी, दुसऱ्या पेटंटाची मुदत पहिल्याबरोबर संपेल असे लिहून देतात. प्रस्ताव असा होता की असे लिहून देणाऱ्याने हेही मान्य करावे, की ज्या पेटंटाशी हे बांधले आहे त्यातला एक दावा जरी रद्द ठरला, तरी हे पेटंटही बजावता येणार नाही. जेनेरिक औषधे करणाऱ्यांना यात किती मोठी सवलत होती हे वेगळे सांगायला नको. दहा पेटंटांच्या कुंपणातला एक खांब पाडला की पुष्कळसे कुंपण खाली येणार होते. आमच्या विभागात उत्साह संचारला, आणि मी संचालकांसाठी चौदा पानांचे टिपण लिहिले, त्यात कोणत्या औषधांवर काय परिणाम होईल याचा तक्ताही जोडला. ४ डिसेंबर २०२४ रोजी पेटंट कार्यालयाने तो प्रस्ताव मागे घेतला. टिपण अजून माझ्या संगणकात आहे. त्या गडबडीत जिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते ती शुल्कवाढ मात्र १९ जानेवारी २०२५ ला ठरल्याप्रमाणे लागू झाली: ज्या सर्वांत जुन्या अर्जाचा लाभ घेतला त्याच्या तारखेपासून सहा वर्षांनंतर त्याच संशोधनावर पुढचा जोडअर्ज केला तर २,७०० डॉलर जास्तीचे, आणि नऊ वर्षांनंतर केला तर ४,०००. अंदाजपत्रकात प्रत्यक्ष भोक पाडले ते या कंटाळवाण्या नियमाने.

ज्या बदलाने मला खऱ्या अर्थाने हा धंदा शिकवला तो याहून जुना आहे. १६ सप्टेंबर २०११ रोजी ओबामांच्या सहीने 'अमेरिका इन्व्हेंट्स ॲक्ट' झाला. वर्तमानपत्रांत तो एका दिवसाची बातमी होता, पण माझ्या दृष्टीने त्या एका कायद्याला चार तारखा होत्या. काही तरतुदी सहीच्याच दिवशी लागू झाल्या. शुल्कात पंधरा टक्के वाढ दहा दिवसांनी, २६ सप्टेंबरला झाली. दिलेल्या पेटंटाला पेटंट कार्यालयातच आव्हान देण्याची नवी पद्धत १६ सप्टेंबर २०१२ पासून सुरू झाली आणि ती जुन्या-नव्या सर्व पेटंटांना खुली होती. आणि सर्वांत मोठा बदल, म्हणजे पेटंट 'आधी शोधणाऱ्याचे' की 'आधी अर्ज करणाऱ्या संशोधकाचे' हा, १६ मार्च २०१३ ला आला.

त्याआधी अमेरिकेत शोध कोणत्या दिवशी लागला याला महत्त्व होते, आणि तो दिवस सिद्ध करावा लागे. आमच्यासारख्या जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशातील प्रयोगशाळांना १ जानेवारी १९९६ नंतरच्या कामाचा पुरावा त्यासाठी तिथे चाले. म्हणून आमच्या रसायनशास्त्रज्ञांच्या वह्या पक्क्या शिवलेल्या, पानांना छापील क्रमांक असलेल्या असत. खाडाखोड एका रेघेने करायची, रिकामी जागा तिरकी रेघ मारून बंद करायची, आणि रोज संध्याकाळी संशोधनात भाग नसलेल्या सहकाऱ्याने वाचून समजल्याची सही तारखेसह करायची. ही सही घेत फिरणे हे माझे पहिल्या दोन वर्षांतले काम होते, आणि शनिवारी साडेपाचला गेटकडे निघालेल्या माणसाला परत बोलावून सही घेणे हे किती अप्रिय काम आहे हे मी अनुभवाने सांगू शकते.

नवा कायदा येणार म्हटल्यावर सर्वांना वाटले की या वह्यांची कटकट संपली. तसे झाले नाही. १६ मार्च २०१३ च्या आधीची अग्रक्रम तारीख, म्हणजे त्या शोधावरच्या पहिल्या अर्जाची तारीख, असलेल्या अर्जांना जुनाच कायदा लागू राहिला. मधल्या काळातल्या अर्जांची तर वेगळीच गंमत होती. आमचा एका क्षारावरचा भारतीय अर्ज जुलै २०१२ चा होता आणि अमेरिकेचा अर्ज बारा महिन्यांच्या आत, म्हणजे जुलै २०१३ पर्यंत करायचा होता. दरम्यान आमच्या माणसांना त्याच क्षाराचे एक नवे स्फटिकरूप सापडले, आणि त्याचा क्ष-किरण आलेख व त्यावरचा एक दावा अमेरिकेच्या अर्जात घालावा असे त्यांचे म्हणणे होते. "मॅडम, एका आलेखाने असं काय होणार आहे?" असे त्यांनी मला विचारले, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर असे होते, की मूळ भारतीय अर्जात ज्याला आधार नाही असा एक जरी दावा, कधीही, त्या अर्जात आला, तर तो सबंध अर्ज, जुन्या दाव्यांसकट, नव्या कायद्याखाली जातो. आणि एकदा गेला की तो दावा काढून टाकला तरी परत येत नाही. मग २०१२ च्या पूर्वार्धात कुणा स्पर्धकाने अमेरिकेत अर्ज केला असेल, तर आमचा शोध त्याच्याही आधीचा आहे हे दाखवण्याची वाट बंद, आणि सह्यांनी भरलेल्या त्या वह्या निरुपयोगी. शेवटी आम्ही एकाऐवजी दोन अर्ज केले: क्षाराचा जुन्या मजकुरासह, आणि स्फटिकरूपाचा स्वतंत्र. खर्च दुप्पट झाला, आणि लेखाविभागाला ते समजावून सांगताना मला कायदा समजून घेताना लागला त्याहून जास्त वेळ लागला.

त्या उन्हाळ्यात मला वारंवार आमच्या आजोबांची आठवण येई. ते गायकवाडी अमलात बडोद्याला वकिली करीत. संस्थानाचे कायदे संस्थानाचे असत आणि आज्ञापत्रिकेत प्रसिद्ध होत. ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथे आपोआप चालत नसे, त्यामुळे मुंबईच्या पक्षकाराचे काम आले की शेजारच्याच मुलखाचा कायदा परदेशी म्हणून अभ्यासावा लागे. दांडिया बाजारातल्या घरी त्यांची काही पुस्तके माझ्या लहानपणापर्यंत होती. दुरुस्ती झाली की ते ती कागदाच्या पट्टीवर बारीक मोडीत लिहीत आणि पट्टी फक्त एका कडेला खळ लावून कलमावर चिकटवीत, म्हणजे पट्टी उचलली की खालचे जुने कलम वाचता येई. काही पानांवर अशा तीन-तीन पट्ट्या एकावर एक होत्या. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ती सगळी पुस्तके एका अर्थाने बाद झाली, तरी जुन्या व्यवहारांचे दावे चालू असल्यामुळे आजोबांना ती पुढेही अनेक वर्षे लागत असत, असे आई सांगते.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. १५ मार्च २०२४ पासून भारतीय पेटंट नियमांत परीक्षणाच्या विनंतीची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांवरून एकतीस महिन्यांवर आली, पण त्या दिवसापूर्वी दाखल झालेल्या अर्जांना जुनीच राहिली. स्वदेशातला असा बदल बार रूममध्ये, जिन्यात, जेवणाच्या टेबलावर दहा तोंडांनी कानावर येतो. परदेशाचा बदल असा कानावर पडत नाही. तो शोधायला आपणच जावे लागते, आणि शोधून आणलेला बरोबर आहे का हे विचारायला शेजारी कुणी नसते.

कायदा आणि नियम यांना निदान तारीख तरी असते. न्यायालयाच्या निकालाला ती नसते, आणि माझ्या तक्त्यात सर्वांत जास्त खाडाखोड त्यामुळेच झाली आहे. न्यायालय कायदा बदलत नाही, तो पहिल्यापासून काय होता हे सांगते, अशी समजूत असल्यामुळे निकाल मागे जाऊन दहा-पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या पेटंटांनाही लागतो. १८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲमजेन विरुद्ध सॅनोफी या खटल्यात कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या प्रतिपिंडांवरचे दावे एकमताने रद्द ठरवले, कारण दावा प्रचंड मोठ्या वर्गावर होता आणि तो सगळा वर्ग कसा तयार करायचा हे अर्जात पुरेसे शिकवलेले नव्हते. ती पेटंटे २०१४ साली दिली गेलेली होती. आमच्या कामाला अधिक जवळचे उदाहरण दुहेरी पेटंटाचे आहे. पेटंट कार्यालयाकडून विलंब झाला तर तितके दिवस पेटंटाच्या मुदतीत वाढवून मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सेलेक्ट प्रकरणात पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितले, की दुहेरी पेटंटाचा विचार करताना हे वाढीव दिवस धरूनच मुदत मोजायची. याचा अर्थ, वाढीव दिवस मिळालेले पेटंट आपल्याच कुटुंबातल्या, म्हणजे एकाच मूळ अर्जातून निघालेल्या, लवकर संपणाऱ्या पेटंटामुळे अडचणीत येऊ शकते, असा आम्ही घेतला आणि अनेक औषधे बाजारात आणण्याच्या तारखा अलीकडे ओढल्या. जवळजवळ एका वर्षाने, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याच न्यायालयाने ॲलर्गन विरुद्ध एमएसएन या खटल्यात सांगितले, की कुटुंबात सर्वांत आधी दाखल झालेले आणि सर्वांत आधी मिळालेले पेटंट त्याच्याच मागून आलेल्या अपत्यांमुळे रद्द होणार नाही. त्यांतल्या काही तारखा पुन्हा पलीकडे ढकलाव्या लागल्या. दोन्ही वेळा कायद्याचा एक शब्दही बदललेला नव्हता. संचालकांनी मला शांतपणे विचारले, की तुमच्या तक्त्यावर विश्वास ठेवून कारखान्यात यंत्रे मागवावीत की नाही, आणि मी दोन दिवस मागून घेतले.

या निकालांसाठी मी आता तक्त्यात तारखेच्या जागी 'मागील सर्व' असे लिहिते आणि शेजारी त्या निकालाने कोणत्या फायली पुन्हा उघडाव्या लागतील त्यांचे क्रमांक घालते. हे काम बातमी वाचून होत नाही. निकालपत्रच वाचावे लागते, आणि त्यातही न्यायालयाने काय ठरवले याइतकेच काय ठरवायचे टाळले हे पाहावे लागते. परीक्षकांसाठीची जी जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका पेटंट कार्यालय काढते तिच्यावर आमचे नवे लोक फार विसंबतात, कारण ती सुबोध आहे. परंतु तिला कायद्याचे बळ नाही, आणि निकाल तिच्यात पोहोचेपर्यंत पुष्कळ पाणी वाहून गेलेले असते.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या विभागात नव्याने आलेल्या मुलीने कपाटातून २००९ सालचा अमेरिकी पेटंट कायद्याचा जाड ग्रंथ काढून रद्दीच्या ढिगावर ठेवला. मी तो उचलून परत तिच्या टेबलावर ठेवला आणि हा किती वर्षे लागेल ते काढून दाखव म्हटले. तिने कागद घेतला. जुन्या कायद्याचा शेवटचा दिवस १५ मार्च २०१३, पेटंट वीस वर्षांचे, म्हणून मार्च २०३३, असे तिचे पहिले उत्तर होते. मी म्हटले, तो अर्ज भारतात केला असेल तर? ती थोडी थांबली आणि तिने अमेरिकेत अर्ज करण्याचे बारा महिने मिळवले, कारण वीस वर्षे अमेरिकेच्या अर्जापासून मोजतात आणि अग्रक्रम तारीख भारताची राहते. मार्च २०३४ झाले. मग तिचे तिलाच आठवले, की पेटंट संपल्यावरही मागच्या सहा वर्षांच्या नुकसानभरपाईचा दावा करता येतो, आणि आकडा २०४० वर गेला. विलंबाचे वाढीव दिवस त्यात धरलेलेच नव्हते. मी २०२९ साली निवृत्त होणार आहे, तेव्हा हे कपाट तिच्याकडेच जाणार आहे.

तिने ग्रंथ पुसून परत खालच्या खणात ठेवला आणि त्याच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली, 'मार्च २०४० पर्यंत टाकू नये'. मी तिला त्यात 'किमान' हा शब्द घालायला लावला.